शोता अर्वेलाद्झे : एका गोलाच्या फरकाने

शाहू_मैदान (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

लिहू लिहू म्हणत हा धागा बरेच दिवस राहिला होता. जून २०२४ मध्ये जॉर्जियाने पोर्तुगालला २-० असं हरवलं, त्या रात्रीपासून क्वारात्सखेलिया आणि मिकाउताद्झे ही अवघड नावं आमच्या पेठेतल्या पोरांच्याही तोंडी बसली. मला फार बरं वाटलं. पण त्याच पोरांना विचारलं, की जॉर्जियासाठी सर्वांत जास्त गोल कुणाचे, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. संघ पहिल्यांदा युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, गेला तेव्हा तो विक्रम ज्याच्या नावावर होता, त्याला निवृत्त होऊन १६ वर्षं झाली होती. शोता अर्वेलाद्झे. ६१ सामने, २६ गोल.

मी त्याला डोळ्यांनी खेळताना बघितलंय, म्हणून हा धागा माझ्याकडेच लागतो असं समजा. २००६-०७ ला कंपनीने मला हॉलंडमध्ये आल्कमारला पाठवलं होतं. तिथला क्लब एझेड, तिथली माणसं ‘आझेट’ म्हणतात. त्याच मोसमात त्यांचं नवं स्टेडियम सुरू झालं होतं. ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं, त्यावर मी गेलो.

आयुष्यभर शाहू स्टेडियमवर सामने बघितलेला माणूस मी. आपल्याकडे स्ट्रायकर म्हणजे जिवाच्या आकांताने पळणारा. हा ३३ वर्षांचा गडी मात्र चक्क चालत होता. मला वाटलं, पाय दुखावलाय आणि सांगत नाही. मग बॉल सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. बॉल डाव्या बगलेला असताना तो दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून मागे बघत होता. बचावपटू कुठे, त्याचा जोडीदार कुठे, गोलकीपर किती पुढे आलाय. क्रॉस आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा बॉलवर, आणि हा पुढे धावायच्या ऐवजी दोन पावलं मागे सरला. दोनच. तेवढ्यात पूर्ण मोकळा. गोल झाला नाही, गोलकीपरने पायाने अडवला. पण मी त्या संध्याकाळपासून त्याचा झालो तो आजपर्यंत.

आता थोडं मागून सांगतो. जन्म २२ फेब्रुवारी १९७३, तिबिलिसी. घरात तीन भाऊ, तिघेही जॉर्जियाकडून खेळले. थोरला रेवाझ, आणि शोताचा जुळा आर्चिल. १९८१ मध्ये दिनामो तिबिलिसीने कार्ल झाइस येनाला २-१ हरवून युरोपचा कप विनर्स कप जिंकला तेव्हा ही जुळी पोरं आठ वर्षांची. त्या वयाच्या तिबिलिसीतल्या पोराला दुसरं काय व्हावंसं वाटणार? शोता पुढे त्याच दिनामोकडून खेळला. पण तोवर सोव्हिएत संघ मोडला होता, जॉर्जियात गोळीबार चालू होता, अबखाझियात युद्ध पेटलं होतं. दिनामो दरवर्षी देशाचा विजेता व्हायचा, पण त्या विजेतेपदाला बाहेर किंमत काय? १९९३ ला तर चॅम्पियन्स लीगमध्ये पंचांना लाच देऊ केल्याच्या प्रकरणात यूएफाने दिनामोला बाहेरच काढलं.

त्याच वर्षी दोघं जुळे भाऊ काळ्या समुद्राच्या काठाने पलीकडे तुर्कस्तानात गेले. ट्राबझोनस्पोर.

ट्राबझोन हे इस्तंबूलबाहेरचं पहिलं शहर, ज्याच्या क्लबने तुर्कस्तानची लीग जिंकली. १९७६ ते १९८४ मध्ये सहा वेळा. ‘मोठ्या शहरवाल्यांना’ हरवणारं गाव म्हटल्यावर कोल्हापूरकराला ते आपोआप जवळचं वाटतं. १९९५-९६ ला ते बारा वर्षांनी पुन्हा जिंकायच्या बेतात होते. शोताने त्या मोसमात २५ गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक. आणि मोसम संपता संपता घरच्याच आवनी आकेर मैदानावर इस्तंबूलचा फेनेरबाहचे क्लब आला. ट्राबझोनने आघाडी घेतली, फेनेरबाहचेने बरोबरी केली, आणि शेवटच्या मिनिटांत आयकुत कोजामानने २-१ केलं. मोसम संपला तेव्हा फेनेरबाहचे ८४ गुण, ट्राबझोन ८२. तो एक सामना बरोबरीत सुटला असता तर ट्राबझोन ८३ आणि ते ८२. म्हणजे एक गोल. ट्राबझोनला पुढचं विजेतेपद थेट २०२२ ला मिळालं. ३८ वर्षांनी.

ही ‘एका गोलाची’ गोष्ट शोताच्या पाठी आयुष्यभर लागली. ग्लासगोत त्याच्या बाजूने लागली, आल्कमारमध्ये विरुद्ध. ते सविस्तर लिहितो, पण आधी कुणी इथे त्याच्या ग्लासगोच्या क्लबचं, रेंजर्सचं, बघितलं असेल तर सांगा. मी तेव्हा कोल्हापुरातच होतो.

---

मडगावचो_विंगर

सुंदर लिहिलंय शाहूबाब. फक्त एक गोष्ट मांडतो, राग मानू नका.

जॉर्जियन फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गिओर्गी किंकलाद्झे येतो. १९९६ मध्ये साउदम्पटनविरुद्ध त्याने एकामागून एक बचावपटू चकवत केलेला गोल मी किती वेळा बघितला असेल याची गणती नाही. त्या वर्षी मँचेस्टर सिटी लीगमधून खाली घसरली, तरी तिथले लोक त्याला आजही डोक्यावर घेतात. १९९५ ला कार्डिफमध्ये वेल्सच्या गोलकीपरच्या डोक्यावरून त्याने अलगद टाकलेला बॉल, १-०. गोव्यात आम्ही असल्या खेळाडूसाठी दुपारच्या उन्हात मैदानाच्या कडेला उभे राहतो. शोताचे गोल २६ असतील, पण त्यातला एखादा तरी तुमच्या स्वप्नात येतो का?

---

गडहिंग्लजचा_गोली

माझ्या येतो. मी गोलकीपर होतो, अकरा वर्षं. म्हणून येतो.

मडगावकर, तुम्ही विंगर, त्यामुळे तुमची नजर चकवण्यावर जाते हे अगदी बरोबर आहे. पण पोस्टच्या मध्ये उभं राहून बघा. किंकलाद्झेसारखा गडी तीन जणांना चकवत येतो तेव्हा गोलकीपरला वेळ मिळतो. पुढे यायला, कोन बंद करायला, मनाची तयारी करायला. भीती वाटते, पण काय होतंय ते कळतं. शोतासारखा माणूस तसला वेळच देत नाही. त्याचे जुने गोल बघताना माझी नजर त्याच्या पायावर असते. पाय मागे जातच नाही. आपण मारतो तेव्हा पाय गुडघ्यातून मागे नेतो, आणि तो मागे जातो त्या क्षणात गोलकीपर दोन पायांवर स्थिर होतो. आम्हाला शिकवलेलंच तसं असतं. हा आखूड मारतो, पायाच्या आतल्या बाजूने, आणि अर्धा क्षण आधी. गोलकीपरचं वजन अजून एकाच पायावर असतं. मग तो पडतो ते उडी मारून नाही, नुसता कोसळतो. बघणाऱ्याला वाटतं, किती सोपा गोल, गोलकीपर झोपला होता.

असल्या ‘सोप्या’ गोलांनी मी गावात फार बोलणी खाल्लीत.

---

शाहू_मैदान

गोली, हे वाचून अंगावर काटा आला राव. आखूड पायाचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मडगावकर, राग कसला. किंकलाद्झे मलाही आवडतो. आणि दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायचं कारणच नाही, कारण १९९८ ला किंकलाद्झे मँचेस्टरहून हॉलंडच्या अयाक्स क्लबलाच आला, शोता होता तिथे. तिथे त्याला डाव्या बगलेला उभं केलं, प्रशिक्षक बदलला, आणि तो कोपऱ्यात पडला. लीगचे जेमतेम बारा सामने. शोताने मात्र त्याच क्लबमध्ये चार मोसम काढले. मोठं कोण हा प्रश्न मी विचारत नाही. पण परक्या देशात, परक्या भाषेत, प्रशिक्षक बदलत असताना, दर शनिवार-रविवारी गोल करत राहणं हीसुद्धा एक कला आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

अयाक्सचं थोडक्यात सांगतो. १९९७ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक व्हान गाल बार्सिलोनाला गेला, स्ट्रायकर क्लाइव्हर्ट मिलानला. दोनच वर्षांपूर्वी युरोप जिंकलेल्या संघाची घडी मोडत होती. नवा प्रशिक्षक मॉर्टन ओल्सन, आणि क्लाइव्हर्टच्या मोकळ्या जागेत ट्राबझोनहून आलेला शोता. मागे लिट्मानेन आणि शेवटचा मोसम खेळणारा मायकेल लाउड्रुप, बगलेला बाबांगिडा. पहिल्याच वर्षी लीग आणि कप दोन्ही, कपच्या अंतिम सामन्यात पीएसव्ही या दुसऱ्या डच क्लबवर ५-०. दुसऱ्या वर्षी पुन्हा कप. नंतर क्लबची पडझड सुरू झाली, त्यावर जास्त लिहीत नाही.

---

क्लाइडकाठी

शाहूजी, मी होतो ग्लासगोला. २००२ ते २००४, एमएस्सी आणि मग नोकरी शोधण्यात गेलेलं एक वर्ष. शनिवार-रविवार आयब्रॉक्सपासून, म्हणजे रेंजर्सच्या स्टेडियमपासून, चालत दहा मिनिटांवरच्या एका किराणा दुकानात काम करायचो. दुकान आपल्याकडच्याच एका पंजाबी काकांचं. म्हणून सामना बघितला असं म्हणणार नाही. ऐकला.

रविवार, २५ मे २००३. लीगचा शेवटचा दिवस. रेंजर्स आणि ग्लासगोचाच दुसरा क्लब सेल्टिक, दोघांचे गुण सारखे, गोलफरकही (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) सारखा. रेंजर्स घरी डनफर्मलाइनविरुद्ध, सेल्टिक बाहेर किलमार्नोकविरुद्ध. सेल्टिक चारच दिवसांपूर्वी सेव्हिलला यूएफा कपच्या अंतिम सामन्यात पोर्तोकडून जादा वेळेत हरून आले होते. काकांनी गल्ल्याजवळ रेडिओ लावला होता. दुकानात गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर माणूस नाही. आणि खिडकीतून आयब्रॉक्सचा आवाज. मजा अशी, की मैदानावरचा आरडाओरडा आधी यायचा आणि रेडिओवाला एक-दोन क्षण मागाहून सांगायचा. त्यामुळे गोल झालाय हे आम्हाला आधी कळायचं, कुणाचा ते नंतर.

मोल्सने तिसऱ्याच मिनिटाला केला. मग आवाज न येताच रेडिओ ओरडला. डनफर्मलाइनने बरोबरी केली होती. मग कनीजिया. मग अर्ध्या तासाच्या आसपास तिसरा, शोताचा. मी तोवर त्याला दुकानासमोरून जाणाऱ्या पोरांच्या शर्टाच्या पाठीवरच वाचलं होतं. काकांना नाव उच्चारता यायचं नाही, ते ‘शोटा, शोटा’ म्हणायचे, आणि स्टेडियममधून येणारी हाकही तशीच वाटायची.

पण तिकडे किलमार्नोकला सेल्टिक एकामागून एक घालतच होते. माझं काम डब्यांवर किमतीचे स्टिकर मारायचं. त्या दोन तासांत मी काय स्टिकर मारले देव जाणे, दुसऱ्या दिवशी सगळे सोलून पुन्हा लावले. रेंजर्स ५-१, सेल्टिक ४-०. सेल्टिकच्या थॉम्पसनने एक पेनल्टी बाहेर मारली. आणि इकडे भरपाईच्या वेळेत रेंजर्सला पेनल्टी. मारणारा एक कोवळा स्पॅनिश पोरगा, मिकेल आर्तेता. हो, तोच, आज आर्सेनलचा प्रशिक्षक. ६-१.

दोघांचे ९७ गुण. गोलफरक रेंजर्सचा ७३, सेल्टिकचा ७२.

सामना सुटल्यावर दुकान अर्ध्या तासात रिकामं झालं. पाव, दूध, चिप्स, सगळं. एक म्हातारे गृहस्थ निळा मफलर गुंडाळून आले, एक वर्तमानपत्र घेतलं, कालचंच, आणि सुट्टे मोजता मोजता रडायला लागले. काकांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या शनिवारी रेंजर्सने डंडीला १-० हरवून स्कॉटिश कपही जिंकला. लीग कप आधीच हातात होता. एकाच मोसमात तिन्ही.

---

गडहिंग्लजचा_गोली

क्लाइडकाठी, जबरदस्त. अशा दिवशी तिसरा गोल ‘जास्तीचा’ कोण म्हणेल? ३-१ झाल्यावर आपल्याकडचा स्ट्रायकर हात वर करून मागे चालत येतो. त्या दिवशी सहावासुद्धा लागला.

---

जुळ्यांची_आई

पहिल्यांदाच या विभागात लिहितेय. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण माझे दोन्ही मुलगे खेळतात, चौदा वर्षांचे, जुळे. पुण्यात एका अकादमीत जातात. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात एकाची निवड झाली, दुसऱ्याची नाही. यादी लागली त्या रात्री दोघंही जेवले नाहीत. निवड झालेला जास्त रडला.

म्हणून विचारते. त्या आर्चिलचं पुढे काय झालं? धाग्यात सगळे शोताबद्दलच लिहिताहेत.

---

शाहू_मैदान

ताई, तुमचं बरोबर आहे. मीच चुकलो, ‘आणि त्याचा जुळा’ एवढं लिहून पुढे गेलो.

आर्चिलसुद्धा स्ट्रायकर. दोघं एकत्र दिनामोत, एकत्रच ट्राबझोनला गेले आणि चार वर्षं तिथे सोबत राहिले. १९९७ ला शोता अयाक्सला गेला तेव्हा आर्चिलही हॉलंडलाच गेला, ब्रेडाच्या एनएसी क्लबकडे. क्लब वेगळे, पण देश एकच. तिथून पुढे जर्मनीत कोलोन. राष्ट्रीय संघात दोघं एकत्र खेळले. म्हणजे ‘एक पुढे गेला, एक मागे राहिला’ अशी ही गोष्ट नाही. एक जण अयाक्सला गेला म्हणून दुसऱ्याचं कोलोन छोटं होत नाही. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल खेळणं ही आपल्या सगळ्या महाराष्ट्राने अजून न बघितलेली गोष्ट आहे.

तुमच्या मुलांना माझा निरोप सांगा. ज्याची निवड झाली नाही त्याला आधी.

---

जुळ्यांची_आई

धन्यवाद दादा. वाचून दाखवलं. ‘दोघं एकाच देशात वेगवेगळ्या क्लबला’ हे त्यांना फार आवडलं. आता घरात तू कुठला क्लब, मी कुठला, यावर भांडण चालू आहे. कालपर्यंतच्या शांततेपेक्षा हे भांडण बरं.

---

तिबिलिसीतला_लातूरकर

धागा बघून राहवलं नाही. मी इथे तिबिलिसीत एमबीबीएस करतोय, चौथं वर्ष. आपल्या मराठवाड्यातलीच इतकी पोरं आहेत इथे, की वसतिगृहाच्या जिन्यात कधी कधी लातूरच्या बसस्टँडवर असल्यासारखं वाटतं.

थोडं इथलं सांगतो. हे लोक देशाला जॉर्जिया म्हणत नाहीत, ‘साकार्तवेलो’ म्हणतात. आडनावाच्या शेवटी ‘द्झे’ असेल तर त्याचा अर्थ मुलगा, ‘श्विली’ म्हणजे लेकरू. अर्वेलाद्झे, किंकलाद्झे, मिकाउताद्झे, कोबिआश्विली. फुटबॉलला ‘पेखबुर्ती’. पेखी म्हणजे पाय, बुर्ती म्हणजे चेंडू. पायचेंडू!

२६ मार्च २०२४ ला युरोला कोण जाणार हे ठरवणारा ग्रीसविरुद्धचा सामना झाला तेव्हा मी इथेच होतो. ०-०, मग पेनल्टी, ४-२. शेवटची पेनल्टी क्वेक्वेस्किरीची. तिकीट मिळालं नव्हतं, आम्ही बाहेर मोठ्या पडद्यावर बघत होतो. पुढचं मला नीट आठवतच नाही. ओळख ना पाळख अशा एका आजोबांनी मला मिठी मारली आणि सोडेचनात. माझ्या कानात काहीतरी बोलत होते, मला एवढंच कळलं की ‘तीस वर्षं, तीस वर्षं’ म्हणताहेत. रुस्तावेली रस्त्यावर पहाटेपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरमालकीणबाई, त्यांना मी बेबिया म्हणतो, म्हणजे आजी, त्यांनी गरम खाचापुरी, म्हणजे इथली चीज भरलेली रोटी, करून वर आणून दिली आणि म्हणाल्या, पोरा, हे काल नाही झालं, हे शोताच्या वेळेपासून होतंय. मला तेव्हा शोता कोण ते माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, आज हा धागा वाचून कळलं.

---

शाहू_मैदान

लातूरकर, तुझ्या आजींना माझा दंडवत. अगदी तेच मला म्हणायचं होतं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बघ, जॉर्जिया १९९२ ला फिफात आला. पहिलीच पात्रता फेरी युरो १९९६ ची. पहिला सामना घरी मोल्दोवाशी आणि ०-१ हार. दुसरा बल्गेरियात, तोही गेला. लोक म्हणाले असतील, झालं, संपलं. तिसरा सामना १६ नोव्हेंबर १९९४, तिबिलिसी, समोर वेल्स. जॉर्जिया ५, वेल्स ०! केत्सबाया दोन, किंकलाद्झे एक, गोग्रिचियानी एक, आणि पाचवा शोताचा. पुढच्या वर्षी बल्गेरिया तिबिलिसीला आला. विश्वचषकात चौथा आलेला संघ, स्टोइचकोव्ह त्यांच्याकडे. शोताने सामना सुरू होतो न होतो तोच गोल केला, किंकलाद्झेने पेनल्टीवर दुसरा, २-१ ने जिंकले. त्या गटात जर्मनी आणि बल्गेरियाच्या मागे तिसरे आले. पात्र झाले नाहीत. १९९७ ला इटलीला तिबिलिसीत ०-० वर रोखलं, तरी नाही. शोता १५ वर्षं देशासाठी खेळला, आणि एकदाही मोठ्या स्पर्धेच्या मैदानावर पाय ठेवायला मिळाला नाही.

क्लबसाठी तो जिंकला. तुर्कस्तानात कप, हॉलंडमध्ये लीग आणि कप, स्कॉटलंडमध्ये सगळंच. पण विमानात बसून तिबिलिसीला यायचं, देशाचा शर्ट घालायचा, गोल करायचा आणि तरी बाहेर. पुन्हा पुढच्या फेरीला तेच. मला वाटतं, खेळाडू म्हणून त्याची खरी मोजणी इथेच होते.

आता राहिलेलं आल्कमार.

२९ एप्रिल २००७. पुन्हा लीगचा शेवटचा दिवस. आता तीन क्लब. एझेड, अयाक्स, पीएसव्ही, तिघांचे ७२ गुण. गोलफरक एझेडचा सर्वांत चांगला. सामना रॉटरडॅमच्या एक्सेल्सिओरशी, तळाकडचा छोटा क्लब. नुसतं जिंकायचं होतं. प्रशिक्षक व्हान गाल. अख्खं आल्कमार जुन्या चौकात जमलं होतं, जिथे शुक्रवारी चीजचा बाजार भरतो तिथे. मी ऑफिसातल्या लोकांबरोबर एका कॅफेत, उभा, कारण बसायला जागा नाही. अठराव्या मिनिटाला एझेडच्या गोलकीपरला लाल कार्ड आणि पेनल्टी. गोली, तुला कळेल कसं वाटलं असेल. उरलेला सगळा सामना दहा जणांनी. दोनदा बरोबरी केली. शेवटी ३-२ हरले.

तिकडे पीएसव्हीने व्हिटेसला ५-१ घातले, पाचवा गोल कोकूचा, आणि अयाक्सला एका गोलाच्या फरकाने मागे टाकून लीग नेली. पीएसव्ही अधिक ५०, अयाक्स अधिक ४९. एझेडचा गोलफरक शेवटीही दोघांपेक्षा चांगला होता, अधिक ५२. पण गुण तीन कमी. तिसरे.

कॅफेत कुणी ओरडलं नाही, ग्लास फोडला नाही. मालकाने टीव्ही बंद केला आणि खुर्च्या आत घ्यायला लागला. मी त्याला मदत केली. दुसरं काय करायचं तेच कळत नव्हतं. त्याच मोसमात कपच्या अंतिम सामन्यातही एझेड अयाक्सकडून पेनल्टीवर हरले.

शोता त्यानंतर स्पेनमध्ये लेव्हान्तेला गेला. क्लब कर्जात बुडालेला, खेळाडूंचे पगार थकलेले, मोसमाअखेर क्लब खालच्या लीगमध्ये. २००८ ला त्याने खेळ थांबवला.

---

मडगावचो_विंगर

शाहूबाब, मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. किंकलाद्झेचे गोल स्वप्नात येतात हे खरंच. पण बल्गेरियाविरुद्धचा सामना शोधून काढून बघितला. शोताचा तो पहिला गोल झाल्यावर किंकलाद्झे त्याच्याकडे ज्या तऱ्हेने धावत जातो, ते बघून पुरे झालं.

प्रशिक्षक म्हणून कसा आहे तो? इंग्लंडमध्ये हल सिटीला होता ना?

---

शाहू_मैदान

होता. २०२२ च्या जानेवारीत तुर्की मालकाने क्लब घेतला आणि लगेच शोताला आणलं. सप्टेंबरअखेर, सामन्याच्याच दिवशी, काढलं. त्याआधी तुर्कस्तानात कायसेरीस्पोर, कासिमपाशा, आणि २०१५ ला खुद्द ट्राबझोनस्पोर. तिथे काही महिनेच टिकला, आणि ते मला आजही लागतं. मधे इस्रायलमध्ये मकाबी तेल अवीव. सर्वांत चांगलं जमलं ते उझबेकिस्तानात, ताश्कंदच्या पाख्ताकोरला. २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ लीग जिंकली. पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. लातूरकर, तुमच्याकडच्या माणसाला हे नाव लगेच पटेल.

आणि एक काम कर ना. आजींना विचार, वेल्सविरुद्धचे पाच गोल त्यांना आठवतात का. १९९४ मध्ये त्या तिबिलिसीतच असणार.

---

क्लाइडकाठी

हो लातूरकर, नक्की विचार. वाट बघतोय.

---

तिबिलिसीतला_लातूरकर

विचारलं. उशीर झाला, परीक्षा होती. आणि माझं जॉर्जियन तोकडं, त्यामुळे त्यांच्या नातीला मधे बसवून विचारलं.

घर हेच होतं, स्टेडियमपासून पायी पंधरा मिनिटं. त्या हिवाळ्यात वीज दिवसाला दोन-तीन तास यायची, कधी तेवढीही नाही. पावासाठी पहाटे चारला रांगेत उभं राहायचं. आजोबा आणि मोठा मुलगा सामन्याला गेले होते. आजी घरी एकट्या, केरोसिनच्या स्टोव्हवर पाणी तापवत. टीव्ही बंद, रेडिओची बॅटरी संपलेली. अंधार पडत होता. आणि मग स्टेडियमच्या बाजूने आवाज आला. त्या म्हणाल्या, तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, त्याआधी ऐकला होता तो बंदुकांचा. पहिल्यांदा घाबरून खिडकीपासून लांब झाल्या. दुसऱ्यांदा आला तेव्हा कळलं. मग खिडकी उघडून, थंडीत, शाल घेऊन उभ्या राहिल्या आणि मोजायला लागल्या.

मी विचारलं, किती मोजले? त्यांनी हाताची पाचही बोटं पसरून दाखवली. मग अंगठा धरला आणि म्हणाल्या, हा शोताचा, पण ते मला आजोबा घरी आल्यावर कळलं.